नळीवरचं चुन्याचं बोट

आधी माझा स्वभाव सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. मी लॅब टेक्निशियन. सव्वीस वर्षं रक्त, लघवी आणि थुंकी यांच्या संगतीत काढलेला माणूस. आमच्या घरात मांजर आडवं गेलं तर मी मांजराला रस्ता देतो आणि पुढे जातो, इतकाच माझा शकुन-अपशकुनांशी संबंध. या सदरातले अनुभव मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि मध्ये मध्ये चुका काढायचो. आज मीच लिहायला बसलोय, तर ती स्वयंपाकघरातून हसते आहे.

शहादा तालुक्यात एक लहानसं हॉस्पिटल आहे. नाव देत नाही. माझी लॅब तळमजल्यावर, कॅज्युअल्टीच्या शेजारी. लॅबला एक खिडकी, खिडकीत लाकडी स्टँड. वॉर्डातून आलेले सॅम्पल त्या स्टँडमध्ये ठेवायचे आणि मी ते आतून उचलायचे – अशी पद्धत.

हे सॅम्पल अकरा वर्षं आणून ठेवले ते लीलामावशीने. वॉर्डातली आया. ठेंगणी, नऊवारी, कमरेला चुन्याची पितळी डबी. दिवसातून दहा वेळा तंबाखू मळायची. शाळेत कधी गेली नव्हती, त्यामुळे कुठलं सॅम्पल अर्जंट हे तिला लिहिता यायचं नाही. तिने स्वतःची युक्ती काढली. जे सॅम्पल आधी व्हावं असं तिला वाटे, त्या नळीवर ती चुन्याचा अंगठा उमटवायची. आणि कुणाचं आधी व्हावं हे डॉक्टर नाही, मावशी ठरवायची! बाळंतीण, लहान पोर, एकट्याने आलेला म्हातारा... यांच्या नळीवर हमखास पांढरं बोट.

आता तुम्हीच सांगा, लॅबमध्ये चुना म्हणजे काय? चुना म्हणजे कॅल्शियम. झाकण उघडताना कणभर जरी आत गेला तर कॅल्शियमचा रिपोर्ट वाटेल तितका वर जाईल. मी तिच्यावर खूप ओरडायचो.

"मावशी, पेन आहे ना खिडकीत. फुली मारता येत नाही का?"

"माले लिखता येत नही ना भाऊ," ती म्हणायची. "हाई मन्ही सही शे."

एकदा तिला समजावून सांगितलं की हाडात, दातात, रक्तात कॅल्शियम असतं, आणि कॅल्शियम म्हणजे एका परीने चुनाच. तिने डबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "म्हंजे रगतमा जे शे तेच मन्ही डबीमा शे? मंग तू कसाले वरडस माले?"

शेवटी मीच माझा नियम केला. बोट उमटलेली नळी आली की आधी स्पिरिटच्या बोळ्याने बाहेरून पुसायची, आणि फॉर्मवर असो वा नसो, एक कॅल्शियम मारून बघायचं. जास्त आलं तर चुना आत गेला, सॅम्पल पुन्हा मागवायचं आणि मावशीला सुनवायचं. अकरा वर्षांत शेकडो बोटं पुसली असतील. तिच्या उजव्या अंगठ्याला विळा लागल्याची जुनी खूण होती, म्हणून ठशातून एक तिरकी रेघ जायची. झोपेतून उठवून दाखवलात तरी मी तो ठसा ओळखेन.

एक गोष्ट अजून. एका पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. ताप भरला त्याच दिवशी सकाळी चुन्यावरून मी तिला चारचौघांत फार बोललो होतो, आणि ती दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. संध्याकाळी माझंच रक्त स्टँडमध्ये आलं. त्या नळीवर पांढरा अंगठा होता. मी तापात होतो, तरी डोळ्यांत पाणी आलं – हे तिला कधी सांगितलं नाही.

मावशीचा वैरी एकच. हिलालबापू, आमचा ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर, कळसाडी गावचा. याचा आवडता उद्योग म्हणजे तिची डबी लपवणं. मग तिने कॉरिडॉरभर त्याच्या मागे धावायचं – "हिलाल्या, डबी दे, नहीते तुन्ही गाडीनी हवा काढी टाकसू!" – आणि पेशंटांनी कॉटवर उठून बसून मजा बघायची. दुपारी दोघं एकाच डब्यातून जेवायची. बापूची आई लहानपणीच गेलेली. त्याने मावशीला कधी आई म्हटलं नाही, पण डबा तो तिच्याकडूनच खायचा.

संक्रांतीच्या आधी मावशी गेली. संध्याकाळी ड्युटी करून घरी गेली, पहाटे छातीत दुखलं, संपलं. बापूनेच तिला ॲम्ब्युलन्समधून घरून आणलं होतं. त्यानंतर तो फारच गप्प झाला. आम्हाला वाटलं, दुःख आहे, होईल हळूहळू.

होळी होऊन आठवडा झाला असेल. दुपारचे पावणेबारा. बापूची सुट्टी होती आणि तो मोटरसायकलवरून कळसाडीहून येत होता. उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ॲम्ब्युलन्स घेऊन दुसराच ड्रायव्हर गेला आणि बापूला बापूच्याच गाडीतून आणलं. मांडीचं हाड मोडलेलं, पोटात प्लीहा फाटलेली, अंगातलं निम्मं रक्त रस्त्यावर. सरळ ऑपरेशनला घेतलं. बाहेर पाठवायला वेळच नव्हता.

मी क्रॉसमॅच करत होतो, म्हणजे पिशवीतलं रक्त बापूच्या रक्ताशी जुळतं का ते बघत होतो. एक पिशवी गेली, दुसरी गेली, तिसरी लागली. सर्जनने रक्तवाहिनी बांधली होती, तरी टाक्यांतून झिरपत होतं. बीपी धरत नव्हतं. गावित सिस्टर थिएटरमधून धावत आल्या, स्टँडमध्ये नळी खोचली, "हिमोग्लोबिन, सोडियम, पोटॅशियम" एवढं बोलल्या आणि परत पळाल्या. मी चौथ्या पिशवीत गुंतलेलो, पाठ खिडकीकडे.

मग वळलो.

नळीवर चुन्याचं बोट होतं.

पहिल्यांदा भीती नाही वाटली, संताप आला. कोणी तरी आज, आत्ता, बापू आत असताना थट्टा करतंय? नळी उचलली. ओला चुना माझ्या बोटाला लागला. ठशातून एक तिरकी रेघ गेलेली... आणि मी काय केलं असेल? स्पिरिटचा बोळा घेतला आणि पुसून टाकलं. अकरा वर्षांची सवय! आज स्वतःचा हात धरून विचारावंसं वाटतं, अरे, एक फोटो तरी काढायचास.

पुढचंही सवयीनेच झालं. बोटवाली नळी म्हणजे कॅल्शियम. फॉर्मवर नव्हतं, त्या काळी आमच्याकडे अपघाताच्या पेशंटला ते सरसकट लिहीत नसत. मशीनवर कॅल्शियमचं बटण दाबलं. मनात होतं की आता आकडा वर जाईल आणि ज्याने कोणी हा प्रकार केला त्याच्या तोंडावर मी रिपोर्ट फेकीन.

आकडा आला ०.६. आमच्या मशीनवर एकाच्या वरच असायला हवा.

चुना आत गेला तर आकडा चढतो, उतरत नाही. मग मला वाटलं, घाईत जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त यात ओतलं असेल. त्यातलं रक्त न गोठू देणारं औषध कॅल्शियम खाऊन टाकतं. पण त्या औषधातच पोटॅशियम असतं, म्हणजे तसं असतं तर पोटॅशियम भलतंच वर दिसलं असतं. पोटॅशियम ठीक होतं. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मशीन बरोबर होतं, बापूच्याच रक्तातला चुना संपला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घातलेलं असतं. भराभर पिशव्या गेल्या की ते सायट्रेट पेशंटच्या अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. मोठ्या मारात ते मुळातच घसरलेलं असू शकतं. आणि कॅल्शियम नसलं की रक्त गोठत नाही, हृदय नीट आवळत नाही. तुम्ही वरून रक्त ओतत राहता, खालून ते झिरपत राहतं.

मी थिएटरच्या दारापर्यंत पळत गेलो. माझ्या वयाला आणि पोटाला शोभत नाही असा. "सर, कॅल्शियम शून्य पूर्णांक सहा!" आतून भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "कॅल्शियम ग्लुकोनेट द्या इकडे." हळूहळू दिलं, थोड्या वेळाने पुन्हा दिलं. अर्ध्या तासाने सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, झिरपणं थांबतंय, बीपी धरलंय. मी लॅबमध्ये जाऊन स्टुलावर बसलो आणि खूप वेळ उठलोच नाही.

संध्याकाळी चौकशी सुरू केली. गावित सिस्टर शपथेवर सांगतात, नळी त्यांनी स्वतः भरली, ग्लोव्ह्ज घातलेल्या हाताने आणली, वाटेत कुणी हात लावला नाही, आणि त्यावर काहीही नव्हतं. त्या दिवशीच्या ड्युटीत तंबाखू खाणारं कोणी नव्हतं. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जेवलात का विचारलं. बोळा कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून गेलेला. पुरावा म्हणाल तर माझ्या ॲप्रनच्या खिशापाशी पुसलेला एक पांढरा डाग, एवढाच.

बापू घरी गेला. दीड महिन्याने मी कळसाडीला भेटायला गेलो. ओट्यावर खाट टाकलेली, पाय पट्टीत, जवळ केळीचा घड. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग तो एकदम म्हणाला, "भाऊ, तुले एक सांगनं शे. मावशीनी डबी मीच दपाडेल व्हती."

"तू डबी लपवनं, ते काय नवीन शे?" मी म्हटलं.

"शेवटला दिवस. ती दिवसभर धुंडत ऱ्हायनी. मी म्हनं, संध्याकायले देसू. मंग माले कॉल उना, मी गाडी लई गऊ. ती तशीच घर निंघी गयी." तो खाटेच्या सुतळीकडे बघत होता. "तव्हाफाईन ती मन्हा खिसामाच शे. त्या दिवशी बी व्हती."

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. सापडलं! डबी खिशात, अपघातात उघडली, चुना शर्टाला, शर्टावरून सिस्टरच्या हाताला, हातावरून नळीला. इतकं साधं. मी म्हटलं, डबी दाखव. त्याच्या बायकोने कपाटातून आणून दिली.

झाकण बोटाने निघेना. नाण्याने उचकटावं लागलं. आत चुना होता तो वाळून दगड झालेला, नखाने ओरखडा निघेना. अपघाताच्या दिवशीच त्याला पाण्याचा थेंब मिळून दोन-अडीच महिने झाले होते. आणि माझ्या बोटाला लागला होता तो ओला.

मग मी बापूला सगळं सांगितलं. नळी, बोट, तिरकी रेघ, शून्य पूर्णांक सहा. त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. बापूने डबी हातात घेतली.

"मन्हावर रागायेल नही ना ती?" त्याने विचारलं. पन्नाशीला आलेला, दहा गावांत गाडी पळवणारा माणूस, आणि आवाज असा की माझ्याने खोटं बोलवेना.

"रागायेल व्हई, बापू," मी म्हटलं. "तरी पहिला नंबर लायी दिधा ना तिनी तुन्हा."

तो रडला. मीही रडलो, त्यात लपवायचं काय. मग तिघांनी केळी खाल्ली.

आता आमच्याकडे मोठ्या अपघाताच्या प्रत्येक फॉर्मवर डॉक्टर कॅल्शियम लिहितात. त्याला कारण आहे, विज्ञान आहे, मला कुणालाही समजावता येतं. ते बोट मात्र मला समजावता येत नाही. स्पष्टीकरण कुणाकडे असेल तर जरूर कळवा, मी मोकळ्या मनाने वाचीन.

डबी बापूने मला दिली. ती खिडकीतल्या स्टँडशेजारी असते... मशीनपासून लांब, अर्थात. दर सोमवारी मी तिच्यात चार थेंब पाणी टाकतो, म्हणजे चुना वाळायला नको. बोट पुन्हा उमटलेलं नाही. पण नळी उचलली की मी अजून आधी तिची बाहेरची बाजू बघतो.