ओट्यावरचा चाऊस

मोकळ्या रस्त्याच्या सलामाला जबाब देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भर दुपारी, बीडच्या बाजारगल्लीत, आमच्या किराणा दुकानासमोरच्या दगडी ओट्यावर तो बसलेला असे. उन्हामुळे गल्लीत चिटपाखरू नसे. हा मात्र हळूच उजवा हात छातीशी नेई, मान थोडी झुकवी आणि म्हणे, "वालेकुम सलाम." नव्यानं पाहणारा माणूस हसे. गल्लीतली जुनी माणसं हसत नसत. हातातला तराजू खाली ठेवून ती उगाचच मोठ्यानं बोलायला लागत.

निजामाच्या मुलखात अरबाला चाऊसच म्हणत, त्यामुळे त्याचं खरं नाव विचारावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. हद्रमौत नावाच्या कुठल्याशा रेताड मुलखातून तो तरणाबांड असताना निजामाच्या अरब पलटणीत भरती व्हायला आला होता. पुढे पलटण मोडली. सोबती कुणी हैदराबादेला गेले, कुणी गलबतात बसून घरी गेले. हा बाजाराच्या रखवालीला राहिला. रात्री दुकानं राखायची, सकाळी चार घटका झोपायचं आणि मग दिवे लागेपर्यंत ओट्यावर बसायचं, एवढाच त्याचा संसार. डोक्याला चौकड्यांचा रुमाल, दाढीला मेंदी आणि कमरेला वाकडा जंबिया. तो जंबिया म्यानातून बाहेर आलेला मी एकदाच पाहिला, आणि तेव्हा त्यानं कलिंगड कापलं.

उभा जन्म बीडात काढूनही तो गल्लीकडे काल उतरलेल्या पाहुण्यासारखा बघायचा. आम्हाला जे दिसेनासं झालं होतं ते त्याला दिसे. एकदा मला म्हणाला, "धाकले शेट, तुमी लोक चालता चालता बोलत न्हाई. बोलायचं म्हनलं की रस्त्याच्या मदी उभं राहता. मंग मागं बैल थांबतो, बैलामागं टांगा, टांग्यामागं तहसीलदारसाब. आमच्या मुलखात उंटाला कोनी थांबवत न्हाई. ज्याला बोलायचंय तो उंटासंगं पळतो." तेव्हापासून मी दुकानात बसून हे मोजायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की म्हातारा खरं बोलतोय. गल्लीतल्या छागल शिवणाऱ्या कारागिरांवर तर त्याचा फार जीव. चामड्याची ती पाण्याची पिशवी हातात घेऊन तो उलटसुलट बघे आणि म्हणे, "पानी वागवायची चीज बनवनारा मानूस दोजखात जात न्हाई."

त्याचा दुसरा नेम असा, की प्रेतयात्रा आली की तो उठून उभा राही. मारवाड्याची असो, मोमिनाची असो, नाही तर महारवाड्यातली असो. तिरडी वळणाआड होईपर्यंत खाली बसत नसे. पुढे गुडघे गेले, भिंतीला धरून उठावं लागे, तरी उठे. आमचे थोरले काका कर्मठ. ते एकदा म्हणाले, "चाऊस, तू कावून उठतोस बे? तुझ्या धर्मात चालतं का हे?" तो म्हणाला, "काकासाब, मौतीला उठावं लागतं. उठलो न्हाई तर ती म्हनंल, याला आपली वळख न्हाई."

आता त्या सलामाचं सांगतो. वेशीजवळ शेपू-मेथीच्या जुड्या घेऊन एक म्हातारी बसायची. एका दुपारी चाऊसनं तिच्या रिकाम्या जागेकडे बघून सलामाचा जबाब दिला. मी दुकानात एकटाच होतो. विचारलं, "चाचा, कुणाला?" तो म्हणाला, "भाजीवाली आलती. आज टोपलं न्हाई आनलं." मी थट्टेवारी नेली. दिवे लागायच्या वेळी तिचा मुलगा उधारीवर कापूर न्यायला आला. म्हातारी सकाळीच गेली होती.

पुढे असं बऱ्याचदा झालं आणि गल्लीला ते पटलं. धीर करून मी त्याला एकदा विचारलं, की हे काय आहे. कुणी हवापाण्याची गोष्ट काढावी तसं त्यानं सांगितलं. "मेल्यावर मानूस लगीच जात न्हाई. ज्या गल्लीत त्याची जिंदगी गेली तिथं एक डाव चक्कर मारतो. कोन कुठं बसलंय, काय भाव चाललाय, बघतो आन् जातो. समद्यांस्नी सलाम करतो. तुमी कामात असता, कोनी जबाब देत न्हाई. मला काम न्हाई." मी म्हणालो, "भ्या वाटत न्हाई?" तो म्हणाला, "भ्या कावून? वळखीचीच मानसं असतात." मला मात्र त्यानंतर दुपारच्या रिकाम्या गल्लीकडे सरळ बघवलं नाही. मी भित्रा माणूस आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

माझे थोरले भाऊ अण्णा या चाऊसचे जिवलग. दुपारी दुकान माझ्यावर टाकून ते त्याच्या शेजारी ओट्यावर जाऊन बसत आणि दोघं एका डबीतली तंबाखू खात. ओटा अरुंद. चाऊस त्यावर कुणाला बसू देत नसे. अण्णा आले की मात्र न बोलता डावीकडे सरकून जागा करी. त्या वेळी विलायतेत मोठी लढाई चालू होती आणि रॉकेल मिळेनासं झालं होतं. म्हणून अण्णा स्वतः बैलगाड्या घेऊन जालन्याच्या रेल्वेवर माल आणायला निघाले. शहागडाला गोदावरीला पूर होता. गाड्या पलीकडे उतरल्या तेव्हा अण्णा नव्हते. एक गाडीवान म्हणे, धनी नावेत चढलेच न्हाईत. दुसरा म्हणे, चढताना म्या बघितलं. नदीकाठची गावं पालथी घातली, पण अण्णाही सापडले नाहीत आणि अण्णांचा देहही सापडला नाही.

मागे राहिली वहिनी. चकलांब्याची लेक, लग्नाला फार दिवस झाले नव्हते. ती रडली नाही, असं बायका नावं ठेवून बोलत. तिनं फक्त एक धरून ठेवलं होतं. मी दुपारी जेवायला गल्लीच्या टोकाच्या आमच्या माडीच्या घरी गेलो की ताट मांडताना ती विचारी, "चाचा काय म्हनाले?" मी दुकानातून निघताना चाऊसकडे बघे, तो मान हलवून "न्हाई आला" म्हणे, तेच मी घरी सांगे. मग ती स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचं पान वाढून घेई. अण्णा गेले असते तर गल्लीत चक्कर मारायला आले असते. आले नाहीत, म्हणजे कुठं तरी आहेत. तिचं कुंकू आणि हातातल्या बांगड्या त्या म्हाताऱ्याच्या "न्हाई"वर टिकून होत्या. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मग एका उन्हाळ्यातली ती दुपार आली. गल्ली सुनसान. मी गुळाच्या ढेपेवरच्या माश्या वारत बसलो होतो. सहज समोर पाहिलं, तर चाऊस डावीकडे सरकला. ओट्यावर एका माणसापुरती जागा झाली. त्यानं तंबाखूची डबी उघडली आणि त्या जागेपुढे धरली. किती तरी वेळ तसाच बसून राहिला. मग डबी मिटली, हात छातीशी नेला आणि वेशीच्या दिशेनं बघत राहिला. जेवायच्या वेळी मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यानं माझ्याकडे न बघता मान हलवली आणि म्हणाला, "न्हाई आला." मी घरी जाऊन तेच सांगितलं. वहिनीनं ऐकून घेतलं आणि मला भाकरी वाढली.

बारा वर्षं उलटली तसे काका अस्वस्थ झाले. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असं शास्त्र आहे. घरात दोन मुलं आजारी पडली, एक सोयरीक मोडली. भटजींनी सांगितलं की थोरल्याची क्रिया अडली आहे म्हणून पितर अडून बसलेत. काका मला म्हणाले, "एका अरबाच्या डोळ्यावर किती दिस घर चालवायचं? पोरीचं नशीब फुटलंय ते फुटलंय." वहिनीला कुणी विचारलं नाही. तिला एवढंच कळवलं, की स्मशानातून माणसं परत आली की बांगड्या फोडायच्या. ती "बरं" म्हणाली.

आमच्याकडे तो पुतळा घरीच बांधत. पळसाची पानं, दर्भ आणि डोक्याच्या जागी नारळ. त्यावर अण्णांचं धोतर पांघरलं तेव्हा अंगणात उभं राहणंसुद्धा मला जड झालं. नारळाला डोळे असतात, हे मी त्या दिवसापर्यंत कधी नीट पाहिलं नव्हतं. सकाळी दहाच्या सुमाराला तिरडी उचलली आणि बाजारगल्लीतून निघालो. दुकानदार हात जोडून उभे राहिले. टांगा बाजूला झाला. आम्ही ओट्यासमोर आलो, आणि चाऊस बसून होता.

पुढचा खांदेकरी दगडू हमाल. त्याची पावलं मंदावली. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचा डोळा लागलाय. "चाचा," तो म्हणाला, "मयत हाय."

चाऊसनं एकदा तिरडीकडे पाहिलं. "मयत न्हाई," तो म्हणाला. "यात कोनीबी न्हाई. कावून उठू?"

तो ओरडला नाही. तरी सगळ्या गल्लीनं ते ऐकलं. दगडूनं मागच्याकडे पाहिलं, मागच्यानं बाजूच्याकडे, आणि विसावा यायच्या कितीतरी आधी, भर बाजारात, त्यांनी तिरडी जमिनीवर टेकवली. असं कधी कुणी करत नाही. काका संतापले, "उचला बे! काय झालं?" दगडू म्हणाला, "काकासाब, रिकामी तिरडी घाटावर न्हेली तर ती मानूस घेतल्याबिगर राहत न्हाई. आमी चौघं लेकराबाळाचे हाव." काकांनी स्वतः दांडा धरला, पण दुसरा दांडा धरायला कुणी पुढे येईना. मीही आलो नाही. शेवटी भटजींनी पुतळा मोडून आडवाटेनं नेला आणि बिंदुसरा नदीच्या डोहात सोडला. क्रिया अर्धवट राहिली. बांगड्या फुटल्या नाहीत, आणि फोडा म्हणायचा धीर पुन्हा कुणाला झाला नाही. संध्याकाळी मी ओट्यापाशी गेलो तर चाऊस म्हणाला, "मी काय केलं? फकस्त बसलो."

त्यानंतर तो फार दिवस बसला नाही. ताप भरला आणि मशिदीमागच्या खोलीत त्यानं अंथरूण धरलं, ते शेवटचंच. तो विचारतोय असा निरोप आला. मी निघालो तर वहिनी दारात उभी. हातात कण्यांचं भांडं. ती आजवर बाजारात पाऊल टाकत नसे. त्या दिवशी डोक्यावरून पदर घेऊन, कपाळाला कुंकू लावून, भरदिवसा माझ्या पुढे चालू लागली. ओटा रिकामा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

चाऊस खूपच खंगला होता. तिला बघून उठायला लागला, तिनं हातानं थांबवलं. "बेटी," तो म्हणाला, "मी कवा झूट बोललो न्हाई. एकच बोललो, ते तुज्यापाशी. आता वरती जाऊन जबाब द्यायचाय, म्हनून बोलावलं." त्याला धाप लागली. मी खोलीच्या दाराकडे बघत राहिलो, कारण पुढचं मला माहीत होतं. "तुजा मालक आलता. लई वरसं झाली. दुपारचा आला, माज्या बाजूला बसला आन् गेला."

वहिनीनं भांड्यावरची ताटली काढली. "मला म्हाईत हाय, चाचा," ती म्हणाली. "माडीच्या खिडकीतून तुमचा ओटा दिसतो. तुमी सरकून जागा केली, डबी म्होरं धरली, ते समदं मी बघितलं. त्यांच्याबिगर तुमी कुनाला जागा देत न्हवता."

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. "मंग रोज कावून इचारत व्हतीस?"

"तुमी न्हाई म्हनावं म्हनून."

बाहेर कुणी तरी रस्त्याच्या मधोमध उभं राहून गप्पा मारत होतं आणि मागचा गाडीवान त्याला शिव्या देत होता. मग चाऊसनं मान तिच्याकडे वळवली.

"तर मंग ऐक, बेटी," तो म्हणाला. "आजबी आला न्हाई."

"बरं," वहिनी म्हणाली, आणि त्याला कण्या भरवू लागली.