मेलेलं कोणी आणलंय?

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण बाईंचं आहे, हे आधीच सांगून टाकतो. वर्गात शिरताना त्या पदराने चष्मा पुसायच्या आणि विचारायच्या, "मेलेलं कोणी आणलंय?"

दचकू नका. मांजर्लीत एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये दर रविवारी आमच्या संस्थेचा घरच्या बागेचा वर्ग भरतो. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. शिकवायच्या त्या, खुर्च्या मांडायच्या आणि रोपं आणायची मी. माझे वडील जवळच्या शहरातल्या सिंधी वस्तीत, कॅम्प तीनमध्ये, जीन्स शिवायचे. घरातली पहिली पदवी माझी, पण चार माणसांसमोर तोंड उघडायची हिंमत काही त्या पदवीबरोबर आली नव्हती.

बाईंचा नियम असा की, नवं रोप हवं तर जुनं मेलेलं कुंडीसकट आणायचं. लोकांना लाज वाटायची. बायका वाळलेला मोगरा ओढणीखाली झाकून रिक्षातून आणायच्या. बाई कुंडी उपडी करायच्या, मुळं हातात घेऊन हुंगायच्या आणि सगळ्यांना हुंगायला लावायच्या. रागवायच्या मात्र कोणावरच नाहीत.

एका काकूंची तिसरी तुळस मेली. त्यांच्या मते नजर लागत होती. बाईंनी कुजकी मुळं नाकाशी नेली.

"घरात आंघोळ करणारे किती?"

"पाच."

"म्हणजे रोज पाच तांबे. एकाने पाणी घाला, बाकीच्यांनी नुसता नमस्कार करा."

मागे बसलेले काका म्हणाले, "मग मी आंघोळच बंद करतो." त्यावर काकू म्हणाल्या, "चालू कधी होती?"

मग एका पावसाळ्यात जवळून वाहणारी नदी हॉलमध्ये शिरली. वाटायला ठेवलेली सगळी रोपं चिखलाखाली गेली. वर्ग आता होणार नाही, असं मी बाईंना फोनवर कळवलं. तरी त्या आल्या. गुडघे तेव्हाच गेले होते. दाराची चौकट धरून त्यांनी आत वाकून पाहिलं.

"एवढं मेलेलं एकदम परत कुठे मिळणार? रविवारी वर्ग घे."

घेऊ या नाही, घे. त्या रविवारी बाई शेवटच्या खुर्चीवर बसल्या आणि मी पहिल्यांदा उभा राहून बोललो.

यंदा त्या नाशिकला मुलीकडे गेल्या, कायमच्या. वर्गाला येणारी माणसं एकेक करून गळाली. चालवायचा की थांबवायचा ते तूच ठरव, असं संस्थेने सांगितलं. मीही दमलोय. म्हणून त्यांना पत्र लिहायला बसलो. पाठवलं ते असं:

"बाईंना साष्टांग नमस्कार.

वर्ग थांबवतोय, हे कळवायला हे पत्र लिहिणार होतो. काल तिघंच आली आणि मेलेलं कोणीच आणलं नाही. ती गेल्यावर मी खुर्च्या आवरायला घेतल्या. तेवढ्यात कॅम्प तीनहून एक सिंधी आंटी आल्या, हातात कुंडी, कुंडीत वाळलेली तुळस. त्यांनी बहिणीकडून तुमच्याबद्दल ऐकलं होतं. धापा टाकत म्हणाल्या, 'मॅडम नहीं हैं? फिर किसको दिखाऊँ?'

मी म्हटलं, 'मुझे दिखाओ.' कुंडी उपडी केली. मुळं हुंगली, त्यांनाही हुंगायला लावली. मग विचारलं, 'घर में नहानेवाले कितने?'

'सात.'

आवरलेल्या खुर्च्या परत मांडल्या आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत?"