दुपारी बिघडणारे आकडे

प्रयोगशाळेतल्या भिंगांच्या कपाटाची किल्ली एकवीस वर्षं ताईंकडे होती. कोणी काही मागायला आलं की त्या आधी विचारत, "कशासाठी हवंय?" संशोधक वैतागायचे, पण उत्तर मिळाल्याशिवाय कपाट उघडत नसे.

एकदा पहिल्या वर्षाची एक संशोधक मुलगी काही न मागताच दारात उभी राहिली. डोळे सुजलेले.

"ताई, मी कायमची घरी चाललेय. आईला कळवलंय तसं."

"बस आधी. झालं काय?"

लेझरच्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळवायला ती वेव्हप्लेट वापरत होती. वेव्हप्लेट म्हणजे क्वार्ट्झची नाण्याएवढी चकती. सकाळी आकडे चोख यायचे, दुपारी बिघडायचे. तीन महिने हेच चाललं होतं. "हात स्थिर ठेव," एवढंच तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते.

ताईंनी तिला एक दिवस थांबायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी थर्मामीटर घेऊन तिच्या टेबलापाशी ठाण मांडलं. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं, पारा सहा अंश चढला आणि आकडे घसरले.

ताईंनी चकती काढून कडेवरची बारीक अक्षरं वाचली. मग मुलीकडे वळल्या.

"तुझा हात चांगला आहे गं. चकतीच चुकीची आहे. ही जाड, मल्टी-ऑर्डर. तापली की बदलते. मीच दिली तुला. आमच्या यांना दवाखान्यात नेलं होतं त्या दिवशी. घाईत काही विचारलंच नाही मी."

मुलीने त्यांचा हात धरला.

मग दोघींनी मिळून नवी निवडली. "लेझरचा रंग?" "हिरवा." "दिशाच वळवायचीय ना? मग हाफ-वेव्ह. आणि झिरो-ऑर्डर घे. यात दोन चकत्या आडव्या-उभ्या जोडलेल्या असतात. दोन्ही तापून बदलतात, पण एकमेकींच्या उलट, म्हणून फरक जवळजवळ मिटतो. आमच्या संसारासारखं!"

मुलगी खूप दिवसांनी खळखळून हसली.

चार दुपारी आकडे जागचे हलले नाहीत. पाचव्या दिवशी ताई स्वतःहून सरांकडे गेल्या आणि चूक आपली होती हे सांगून आल्या. सरांनी मुलीला बोलावून घेतलं. "मी उगाच तुझ्या हाताला नावं ठेवली," ते म्हणाले.

संध्याकाळी तिने आईला फोन लावला. "आई, माझी खोली आवरायला घेऊ नकोस गं. मी राहतेय इथेच."