दादाच्या घरातली बावीस भोकं

माझा थोरला भाऊ सुहास ओव्हाळ कुणाला काही विचारत नाही. तो तपासतो. फार्मसीत मिळालेल्या गोळ्या तिथेच काउंटरवर मोजतो, मागे रांग खोळंबली तरी. सॅटनॅव्हनं डावीकडे वळ म्हटलं की गाडी बाजूला घेऊन नकाशा उघडतो. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण वहिनी गॅस बंद केला म्हणाल्या की हा उठून बघून येतो. सुचेतावहिनी म्हणतात, "अजयभावजी, मी जिवंत आहे यावरसुद्धा ह्यांना सेकंड ओपिनियन लागेल."

या स्वभावाचा त्याला तीस वर्षं पगार मिळाला. साउथहॅम्प्टनमध्ये तो हॉस्पिटलची यंत्रं तपासायचा. यंत्र बरं चाललंय असं नर्सनं सांगितलं तरी विश्वास ठेवायचा नाही, स्वतः मोजायचं, मग सही करायची. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही आणि घरातल्या सगळ्यांचे हाल सुरू झाले. म्हणून त्यानं घर बांधायला काढलं तेव्हा मी बेसिंगस्टोकमध्ये बसून सुटकेचा श्वास सोडला.

साउथहॅम्प्टनच्या उत्तरेला, एका खेड्याच्या टोकाशी त्यानं जमिनीचा तुकडा घेतला. घर ओकच्या लाकडाचं बांधायचं ठरवलं. जाडजूड खांब, जाडजूड तुळया, एकही खिळा नाही, सगळं लाकडी खुंट्यांनी जोडलेलं. मी विचारलं, "दादा, विटांनी काय घोडं मारलंय?"

"विटांच्या घरात प्लास्टरखाली काय आहे ते कळत नाही," तो म्हणाला. "ओकमध्ये सगळे जॉइंट्स उघडे. कोणी काही लपवूच शकत नाही. मला असं घर पाहिजे ज्याचं मला सगळं ठाऊक आहे."

त्यासाठी त्यानं राहतं घर विकलं आणि वहिनींना घेऊन त्या जमिनीवर कॅरव्हॅनमध्ये राहायला गेला. हिवाळ्याआधी घर उभं राहिलं नाही तर त्या पत्र्याच्या डब्याशिवाय दोघांना जगात दुसरं छप्पर नव्हतं. ईशानी, त्यांची मुलगी, फोनवर ओरडली, "बाबा, तुमचा डोकं ठिकाणावर आहे का?" तिचं मराठी असंच आहे, पण प्रश्न बरोबर होता.

सुतार मिळाला तो कॉलिन. पन्नाशीचा, कमी बोलणारा, हाताची बोटं गाजरासारखी. त्याच्या हाताखाली मारेक नावाचा एक पोलिश गडी होता, तो कॉलिनहूनही कमी बोलायचा. पहिल्याच दिवशी कॉलिन दादाला म्हणाला, "काही शंका आली तर विचार." दादानं मान हलवली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दर शनिवारी दादा कॉलिनच्या यार्डात जायचा. पहिल्याच शनिवारी त्यानं गुपचूप तुळईला मॉइश्चर मीटर लावला. संध्याकाळी मला फोन. "अजय, लाकूड ओलं आहे. ओलंचिंब. कुठेतरी पाणी मुरतंय."

"लाकडात?"

"थट्टा करू नकोस. नुकतं कापलेलं झाड आपल्या गळ्यात मारतोय."

मी इंटरनेटवर बघितलं. ओकचं घर ओल्या लाकडाचंच बांधतात, कारण वाळल्यावर ते इतकं कडक होतं की पटाशी चालत नाही. घर उभं राहिल्यावर ते वर्षानुवर्षं सावकाश वाळतं, आक्रसतं, भेगाही पडतात. मी दादाला लिंक पाठवली. त्यानं वाचली आणि म्हणाला, "हे लिहिणारे पण सुतारच असतील."

मग खुणा. प्रत्येक तुळईच्या टोकाला कॉलिननं पटाशीनं रेघा मारल्या होत्या, कुठे दोन, कुठे चार, कुठे फुली. कुठली तुळई कुठल्या खांबात जायची याचे ते नंबर होते, हे शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. दादाच्या मनात मात्र पाल चुकचुकली. त्यानं सगळ्या खुणांचे फोटो काढले आणि महिनाभर कॅरव्हॅनमध्ये त्यांचा अभ्यास केला. कॉलिन सदोष तुळयांवर फुल्या मारतो असा त्याचा सिद्धांत होता. आणि याच कॉलिनबरोबर तो दर शनिवारी ओंडक्यावर बसून सँडविच खात होता, हवापाण्याच्या गप्पा मारत होता. सात महिने! ताकास तूर लागू दिली नाही.

सप्टेंबरच्या एका गुरुवारी सगळं लाकूड जमिनीवर येऊन पडलं. शनिवारी सांगाडा उभा करायचा होता. शुक्रवारी मारेक दुपारपर्यंत लाकडं लावून, ताडपत्री टाकून गेला. तो गेला आणि दादाचा मला फोन आला. "लगेच ये. येताना तुझं मोठं ड्रिल आण."

मी पोचलो तेव्हा तो गुडघ्यावर बसला होता, हातात बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"सापडलं," तो म्हणाला.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. तुळईच्या टोकाला जाड जीभ काढलेली असते, ती खांबाच्या खाचेत जाते. खांबाला आरपार भोक असतं, जिभेलाही असतं, आणि दोन्हींतून लाकडी खुंटी ठोकली की जोड पक्का. दादानं दोन्ही भोकं मोजली होती. ती जुळत नव्हती. जिभेचं भोक तीन मिलिमीटर सरकलेलं होतं. एका जोडात नाही, बावीसच्या बावीस जोडांत.

"माप चुकलं त्याचं," दादा म्हणाला. "उद्या हातोड्यानं कशातरी खुंट्या घुसवेल, आपण टाळ्या वाजवू, आणि पाच वर्षांनी छप्पर डोक्यावर येईल."

"मग फोन कर ना त्याला. विचार."

"विचारलं की काहीतरी सांगेल."

मी वाद घालायला हवा होता. नाही घातला. खरं सांगायचं तर व्हर्नियरवरचे आकडे बघून मीही हबकलो होतो. मी तुळया धरल्या, दादानं जिभांची भोकं ड्रिलनं सरळ करून घेतली. फार सुबक काम केलं त्यानं, हॉस्पिटलमधल्यासारखं. संध्याकाळी भुसा झाडून टाकला आणि ताडपत्री होती तशी बांधली. वहिनी वीकएंडची खरेदी करून आल्या तर आम्ही दोघं चहा पीत बसलो होतो.

शनिवारी सकाळी आमची तीस-चाळीस माणसं जमली, पार लंडनहूनसुद्धा. आम्ही बौद्ध, आमच्यात भूमिपूजन नसतं. पाहुण्यांतल्या धम्मशीलाताईंनी त्या ओल्या गवतावर बुद्धवंदना घेतली, सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. दादाचा आवाज सगळ्यांत मोठा होता. कॉलिन आणि मारेक टोप्या काढून बाजूला उभे होते.

मग क्रेननं पहिले दोन खांब उभे केले आणि तुळईची जीभ खाचेत बसवली. कॉलिननं खुंटी भोकात ठेवली, हातोडा उचलला, आणि थांबला. त्यानं हातोडा खाली केला आणि अंगठ्यानं खुंटी दाबली. ती सरळ आत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या लोकांना काय माहीत! त्यांना वाटलं, काय सफाईदार काम आहे.

कॉलिननं खुंटी बाहेर काढली. दुसऱ्या तुळईचं टोक बघितलं. तिसऱ्या. मग तो मारेककडे वळला.

"ही भोकं परत पाडली आहेत. काल इथे तू होतास."

"मी नाही केलं," मारेक म्हणाला.

"ड्रिल तुझ्याकडे होतं. दुसरं कोण करणार?"

मारेकचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो पुन्हा नाही म्हणाला नाही. त्यानं हातमोजे काढले, एकावर एक ठेवले आणि तुळईवर ठेवून दिले. एकदा खोटा ठरल्यावर दुसऱ्यांदा बोलून उपयोग नसतो हे त्याला माहीत असावं.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. बरं झालं, असं वाटलं. आपण सुटलो.

मी दादाकडे बघितलं. तो मारेकच्या हातमोज्यांकडे बघत होता. चौथं शील, खोटं बोलणार नाही म्हणून दिलेलं वचन, तोंडातून निघून तासही झाला नव्हता.

"मी केलं," दादा म्हणाला. "बावीसच्या बावीस. मारेकचा काही संबंध नाही."

कॉलिनला आधी कळलंच नाही. "तू? का?"

"भोकं जुळत नव्हती. तीन मिलिमीटरचा फरक होता."

"फरक मीच ठेवला होता," कॉलिन म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "मुद्दाम. खुंटी ठोकली की ती जिभेला आत ओढून धरते. लाकूड वाळून आक्रसलं तरी जोड सुटत नाही. शेकडो वर्षं असंच करतात. तुझं घर त्या तीन मिलिमीटरवर उभं राहणार होतं." मग हातातली खुंटी दादापुढे धरून, "मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू समजावलं असतंस," दादा म्हणाला. "आणि मला ते खरं वाटलं नसतं."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

कॉलिननं आधी मारेकची माफी मागितली, सगळ्यांसमोर. मग दोघांनी हत्यारं गाडीत भरली आणि ते निघून गेले. जेवणाचे डबे उघडायचं कुणाला सुचेना.

दादाला मी ओळखतो, म्हणून हे मीच सांगायला हवं. पुण्यात कॉलेजला असताना आम्ही दोघं भाड्याची खोली शोधत हिंडायचो. घरमालक आत बोलवायचे, चहासुद्धा द्यायचे. मग आडनाव विचारायचे. मग फार गोड बोलून समजवायचे, खोली कालच गेली हो, तुम्ही एक दिवस आधी यायला हवं होतंत. मी विश्वास ठेवायचो. दादा दुसऱ्या दिवशी सायकल मारत परत जायचा आणि खोलीला कुलूप तसंच आहे का ते बघून यायचा. अकरा घरं. अकराही कुलपं तशीच. त्यानंतर त्यानं कुणाला काही विचारलं नाही.

कॉलिनचा पत्ता नाही असे सोळा दिवस गेले. पाऊस सुरू झाला. कॅरव्हॅनच्या भिंतींना आतून पाणी सुटायला लागलं. वहिनी एकदाच बोलल्या, "अहो, आता तरी जाऊन विचारा, येणार आहे का तो." दादा गेला. आधी मारेककडे गेला, मग यार्डात. तिथे काय बोलणं झालं ते त्यानं मला आजतागायत सांगितलेलं नाही.

कॉलिन आला. जुन्या भोकांशेजारी नवी भोकं पाडून काम सावरता येईल म्हणाला. पण आल्या आल्या त्यानं लाकडांभोवती खुंट गाडून लाल-पांढरी टेप बांधली. सुतारांशिवाय टेपच्या आत कुणी यायचं नाही, मालकानं तर नाहीच. रोज संध्याकाळी प्रत्येक जोडाचे फोटो काढायचे, सकाळी पुन्हा काढायचे, ताडून बघायचे, आणि दादानं कागदावर सही करायची.

दोन दिवस मी हे बघितलं. तिसऱ्या दिवशी दादा पावसात छत्री घेऊन टेपबाहेर उभा, आणि मारेक आत कालच्या फोटोशी एकेक भोक ताडून बघतोय. माझं डोकं फिरलं. मी जाऊन टेपला हात घातला.

"हे त्याचं घर आहे!" मी ओरडलो. "स्वतःच्या घराबाहेर उभं राहायचं त्यानं? चोरासारखं?"

कॉलिननं दादाकडे बघितलं. दादा पुढे आला.

"अजय, सोड ते. आजपर्यंत मला ज्यांनी ज्यांनी दाराबाहेर ठेवलं, त्यांचं मी काही बिघडवलं नव्हतं. यांचं बिघडवलंय."

 त्या शुक्रवारी तुळया धरल्या होत्या त्या मीच. मी टेप सोडली आणि त्याच्या छत्रीखाली जाऊन उभा राहिलो.