मऊ अंड्यांच्या भरवशावरचं लग्न

आमच्या शेजारच्या गोडेलीव्हबाईंचं स्वतःचं कधीच काही चुकत नाही. केक बसला तर पीठ जुनं असतं. मोटार खांबावर घासली, तर खांब चुकीच्या जागी पुरलेला असतो. त्या खांबापासून त्यांनी गाडी चालवणं सोडलं, त्यांचे यजमान फिर्मिन यांना मोतीबिंदू, म्हणून कुठे जायचं झालं की बाई आमच्या दाराची बेल वाजवतात आणि अशा थाटात गाडीत बसतात, जणू त्याच मला फिरायला नेत आहेत.

त्यांच्या मुलीचं, आनेलीनचं लग्न मे महिन्यात ठरलं. बाईंच्या बहिणीने आपल्या मुलीचं लग्न भाड्याच्या गढीत लावलं होतं, आणि तो काटा बाईंच्या मनात दोन उन्हाळे रुतून बसला होता. त्यामुळे चर्चमधला विधी झाला की आनेलीनच्या लग्नाचं जेवण घरच्या बागेत, फुललेल्या सफरचंदाखाली व्हायचं, उघड्या आभाळाखाली, तंबूबिंबू काही नाही, हे बाईंनी जाहीर करून टाकलं. आमच्या फ्लँडर्समध्ये मे महिन्यातही पाऊस कधी कोसळेल याचा नेम नसतो, तिथे उघड्या आभाळाखाली ऐंशी माणसं जेवायला बसवायची म्हणजे काय, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. बाईंना कळत नव्हतं असंही नाही. पण त्यांचा भरवसा अंड्यांवर होता.

लग्नाच्या दिवशी पाऊस नको असेल, तर आमच्याकडे संत क्लाराच्या मठात अंडी नेऊन देतात. दाराशी सिस्टर अंडी घेते, लग्नाची तारीख विचारते, प्रार्थना करतो म्हणते, झालं. मीही माझ्या लग्नाआधी नेली होती, दुकानातली, पुठ्ठ्याच्या खोक्यातली. दिवसभर ऊन पडलं होतं. हे मी बोलले ती चूकच झाली.

"ते तुमचं नशीब," बाई म्हणाल्या. "मी माझ्या मुलीचं लग्न नशिबावर सोडणार नाही. अंडी घरच्या कोंबड्यांचीच जातील."

असा नियम मठाचा नाही, कुणाचाच नाही, तो बाईंनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तयार केला. आता घरच्या म्हाताऱ्या कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या होत्या. बाईंनी त्यांचं सूप केलं आणि हिवाळ्याच्या तोंडावर बाजारातून तांबूस रंगाच्या नव्या तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणल्या. तलंगांनी आपल्या वेळेने, दिवस मोठा झाल्यावर अंड्यावर यायचं असतं. पण लग्नाची तारीख ठरलेली, मग कोंबड्यांनी वेळ कशाला घ्यावा? बाईंनी फिर्मिनकडून खुराड्यात मोठा दिवा बसवून घेतला आणि भर जानेवारीत त्या बिचाऱ्यांना उन्हाळा दाखवला. आमच्या मुलीच्या खोलीची खिडकी त्या बाजूला आहे. नूर पाच वर्षांची, छातीने नाजूक, एकदा झोपमोड झाली की रात्रभर खोकते. मी दिव्याबद्दल बोलायला गेले, तेव्हा मला पडदे जाड लावायचा सल्ला मिळाला.

तलंगा लवकर अंड्यावर आल्या खऱ्या, पण त्यांची अंगं तयार नव्हती. जे खाली पडलं त्याला अंडं म्हणायचं तर म्हणा. कवच नाहीच, नुसता पापुद्रा. हातात घेतलं की पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं डुलायचं, आणि बोटाचा जरा दाब पडला की खड्डा तसाच राहायचा. नव्या कोंबड्यांचं सुरुवातीला असं होतंच, थोडे दिवस गेले की आपोआप सुधारतं, दिवा काढा, शिंपल्यांचा चुरा घाला, हे त्यांना सगळ्यांनी सांगितलं. बाईंनी चुरा घातला, दिवा तसाच ठेवला, आणि दोष वाटायला घेतला. आधी कोंबडीवाल्याने फसवलं. मग आमच्या मांजरीने तलंगांना घाबरवलं. शेवटी फिर्मिनच्या रेडिओवर आलं. सायकल शर्यतींच्या आरडाओरड्याने कोंबड्यांची पोटं ढवळतात, म्हणून त्या माणसाला वसंतातल्या सगळ्या शर्यती गॅरेजमध्ये बसून ऐकाव्या लागल्या.

लग्नाला तीन आठवडे उरले. नूर लग्नात फुलं उधळणार होती, बिनबाह्यांचा फ्रॉक शिवून तयार होता, आणि मी रोज हवामानाचा अंदाज बघत होते. तंबूचं बघा, मे महिन्यात घरोघरी मुलांचे चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे सोहळे असतात, सगळे तंबू तिकडे जातात, असं मी पुन्हा एकदा सुचवलं.

"तुमची मुलगी साखरेची आहे का, विरघळायला?" बाई म्हणाल्या. तंबू आणला म्हणजे संत क्लारावर अविश्वास दाखवला, आणि मग तिने तरी कशाला लक्ष घालावं, असा त्यांचा हिशेब होता. आनेलीन बाजूला उभी होती. त्या घरात बोलायचं काम एकाच माणसाकडे आहे.

शेवटी मठात जायचा दिवस उजाडला. टोपलीत जी अंडी जमली होती, त्यांतली निम्मी पापुद्र्याची होती. निदान तेवढी तरी वगळा, मी म्हटलं. पण बाईंच्या मते अंडी कमी नेली तर ऊनही कमी पडणार. टोपली आनेलीनच्या मांडीवर, बाई पुढे माझ्या शेजारी, आणि रस्ता आमचा दगडी फरसबंदीचा. मी बैलगाडीच्या चालीने गाडी हाकत होते, तरी पहिल्याच वळणावर मागून आनेलीनचा आवाज आला, "आई, गळतंय." बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. टोपली सरळ धर, एवढंच म्हणाल्या. मठाच्या दाराशी पोचलो तेव्हा पोरीची फिकी पँट गुडघ्यापर्यंत पिवळी झाली होती, आणि हे ती मुद्दाम करते आहे असं तोंड करून बाईंनी टोपली हिसकून घेतली.

दार एका वयस्क सिस्टरने उघडलं. टोपलीत मोजकी धड अंडी उरली होती, बाकी सगळा राडा. सिस्टरने टोपली दोन्ही हातांनी घेतली, आत डोकावून पाहिलं, आनेलीनच्या पँटकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाली, "प्रार्थना कवच बघून होत नाही. आम्ही करू." बाईंची मान ताठ झाली. मग सिस्टर आनेलीनकडे वळून म्हणाली, "पण तंबू सांगून ठेव हं, बाळ. आमच्या जत्रेलाही आम्ही सांगतोच."

घरी परतताना बाईंनी गल्लीत भेटलेल्या प्रत्येकाला त्यातलं पहिलं वाक्य ऐकवलं. दुसरं वाक्य मठाच्या दारातच राहिलं.

आनेलीनने मात्र ते सोबत आणलं होतं. तिने आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, वानेसने, त्याच संध्याकाळी तंबूवाल्यांना फोन लावले. एकही तंबू शिल्लक नव्हता, सगळे कम्युनियनला गेलेले. मग वानेसच्या आईने ओळखीने चर्चमागच्या कॅफेचा हॉल मिळवला. शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांचा क्लब तिथे बसतो. भिंतीवर कबुतरांचे फोटो, फळीवर बक्षिसांच्या ढाली, छताला ट्यूबलाइट, खिडक्या वर छताजवळ. आनेलीनने आईला सांगितलं ते माझ्यासमोर, कुंपणाशी. आवाज चढवला नाही.

"आई, जेवण हॉलमध्ये. ठरलंय."

"आणि एक थेंबही पडला नाही तर?"

"तर नाही पडणार."

बाई त्यानंतर मुलीशी बोलल्या नाहीत. लग्नाच्या दिवशी पहाटे उठून त्यांनी फिर्मिनला बागेत खुर्च्या मांडायला लावल्या, सगळ्या, रांगेत, सफरचंदाखाली. चर्चमधून बाहेर पडताच वऱ्हाड आपण होऊन बागेकडे वळेल, याची त्यांना खात्री होती.

आणि ऊन पडलं. नुसतं पडलं नाही, लखलखलं. आभाळात नावाला ढग नव्हता. मी नूरच्या फ्रॉकवर घालायला आणलेला लोकरीचा कोट दिवसभर हातावर वागवत फिरले. वऱ्हाड चर्चमधून निघालं आणि सरळ कॅफेमागच्या हॉलमध्ये गेलं, कारण सूप तिथे गरम होत होतं. ऐंशी माणसं ट्यूबलाइटखाली, कबुतरांच्या फोटोंसमोर, मांसाचे गोळे घातलेलं टोमॅटोचं सूप भुरकत बसली. बाई निळी टोपी घालून टेबलाटेबलाशी जाऊन सांगत होत्या की हे ऊन त्यांच्या अंड्यांचं आहे. लोक हो हो म्हणत होते आणि पाव पुढे सरकवत होते.

जेवण अर्ध्यावर आल्यावर त्या आनेलीनच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता.

"एक फोटो तरी. बागेत. चार पावलांवर आहे."

आनेलीनने वर पाहिलं. रागही नव्हता तिच्या तोंडावर, थकवा होता.

"नको, आई. बस इथे. जेव."

बाई बसल्या नाहीत. संध्याकाळी पेंगुळलेल्या नूरला कडेवर घेऊन मी घरी येत होते, तेव्हा कुंपणापलीकडे फिर्मिन एकेक खुर्ची मिटून भिंतीशी लावत होता. बाई टोपी न काढता त्याच्यासमोर उभ्या होत्या आणि त्याला सांगत होत्या की खुर्च्या अशा मिटत नाहीत.