न तपासलेला पेनड्राइव्ह

आधी तळहात पुढे यायचा, मग नमस्कार. "पहिले द्या इकडे," म्हणत आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचे परिचर काका दारातच पेनड्राइव्ह मागून घ्यायचे. प्राचार्य असोत की पहिल्या वर्षाची पोरगी, सुटका नाही. दाराशी त्यांनी एक म्हातारा कॉम्प्युटर मांडला होता. विजेखेरीज त्याला कुठलीच वायर नव्हती. त्याला ते 'नाका' म्हणत. नाक्यावर तपासणी, मग वहीत नोंद, मग प्रवेश. "कुठून येऊन राहिली स्वारी?" असं ते पेनड्राइव्हलाच विचारायचे, मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांची चौकशी करावी तसं.

काका दीक्षितपुऱ्यातले, पिढ्यान् पिढ्या जबलपूरचे मराठी. मी नाशिकहून नवा आलेला प्राध्यापक. माझ्या संशोधनाचा विषय मालवेअर, म्हणजे कॉम्प्युटरला छळणारे प्रोग्राम, त्यांचे प्रकार आणि त्यांचा प्रसार. त्यामुळे आमचं जमलं. मधल्या सुट्टीत चहा घेऊन यायचे आणि विचारायचे, "सर, आज कोणता किडा?"

मी सांगायचो. एक फाइलला चिकटतो आणि ती जाईल तिथे जातो. दुसरा स्वतःच तारेतून या मशीनवरून त्या मशीनवर सरपटतो. तिसरा लग्नपत्रिकेचं सोंग घेऊन मोबाइलवर येतो. चौथा सगळ्या फाइलींना कुलूप ठोकून खंडणी मागतो.

"चौथा तर चंबळचा डाकू झाला," काका म्हणाले. मग जरा थांबून, "पण सर, दार उघडून देणारा कोणी तरी राहतेच ना?"

मी हसलो होतो. आता ते हसू आठवलं की कानशिलं तापतात.

त्या दिवशी बाहेरून पाहुणे आले होते, माझं प्रात्यक्षिक बघायला. उशीर झाला होता, विभागप्रमुख घड्याळ बघत होते. दारात काकांचा तळहात पुढे आला. पाहुण्यांसमोर मला तो झोंबला. "काका, हे शिकवतो मीच. आता माझीच झडती घेणार?"

हात मागे गेला. "चलो, तुमचाच आहे तर," ते म्हणाले. नोंदही केली नाही. त्यांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं असावं.

माझ्याकडे दोन पेनड्राइव्ह होते, एकाच दुकानातले, दोन्ही काळे. एकात व्याख्यान, दुसऱ्यात संशोधनासाठी जमवलेले जिवंत किड्यांचे नमुने. घाईत मी दुसरा उचलला होता. फोल्डर समजून जे उघडलं ते फोल्डर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लॅबमधल्या सगळ्या फाइलींना कुलूप लागलं होतं, शेवटच्या वर्षाच्या पोरांच्या वर्षभराच्या कामासकट.

प्राचार्यांनी आम्हां दोघांना बोलावलं. "रजिस्टर में एंट्री नहीं है. किसकी लापरवाही है ये?"

काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होतो. त्याच महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"जी, मेरी. नाके पे मैं था," ते म्हणाले.

गंमत बघा, चौकशी माझ्याकडेच आली. जाणकार मीच होतो ना! दोन पानी अहवाल लिहिला. किड्याचा प्रकार, प्रसाराचा मार्ग, दारावर न झालेली तपासणी. पेनड्राइव्ह कोणाचा ते तेवढं लिहिलं नाही. पुढे हेच प्रकरण माझ्या शोधनिबंधात उदाहरण म्हणून आलं आणि त्याचं कौतुकही झालं.

निवृत्तीला पाच महिने उरलेले असताना काकांना पार्किंगच्या गेटवर पाठवलं. निवृत्तीच्या दिवशीही निरोप समारंभ, शाल, श्रीफळ काही नाही. त्या पाच महिन्यांत गेटवर मी दिसलो की ते खुर्चीवरून उठून उभे राहत. "कसं चालू आहे सर संशोधन?" त्यात टोमणा नव्हता, टोमणा असता तर सोसला असता. मी मागच्या गेटाने यायला लागलो. तुमच्या ओळखीतही असा एखादा माणूस असेल, ज्याच्यासाठी तुम्ही रस्ता बदलला असेल.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात काका गेले. तेरवीला मी दीक्षितपुऱ्यात गेलो, मनात ठरवून, की आज सांगायचंच.

काकू पुढे आल्या. मला वाटलं, आता तोंडावर ऐकावं लागणार. खरं सांगतो, बरं वाटलं असतं. त्या नातेवाइकांकडे वळून म्हणाल्या, "हेच ते सर. आमच्या यांच्या हातून लॅबमध्ये चूक झाली होती ना, तर सरांनीच सांभाळून घेतलं. नाही तर नोकरीच गेली असती. शेवटपर्यंत सरांचं नाव घेऊन राहिले होते."

म्हणजे घरीसुद्धा त्यांनी चूक स्वतःच्याच माथी घेतली होती.

"काकू, तो पेनड्राइव्ह माझा होता." एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात कोणी तरी आसन सरकवलं आणि काकूंनी हाताला धरून मला पहिल्या पंगतीत बसवलं.

समोर भिंतीवर हार घातलेला फोटो होता. मी ताटावरून मान वर केली नाही. बुंदी दुसऱ्यांदा वाढायला आले, तेव्हा नको म्हणालो नाही.