तात्यांची तुरुंगाची पिशवी

पोलिसांनी आपल्याला धरून न्यावं म्हणून जन्मभर झुरणारा माणूस अख्ख्या भारतात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या सासुरवाडीला निघावा, हे माझं नशीब! हे माझे चुलतसासरे. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूरच्या अलीकडं त्यांची वस्ती. धोंड्याच्या महिन्यात लोक जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खायला घालतात. मला तात्यांनी पहिल्याच धोंड्याला पाटावर बसवून राजद्रोहाचं कलम ऐकवलं. "एकशे चोवीस अ," डोळे मिटून, स्तोत्र म्हणावं तसे ते म्हणाले. "सरकारबद्दल अप्रीती पसरवली तर जन्मठेप! गोऱ्या सायबाचा कायदा. आता मला सांगा जावईबापू, प्रीती काय कायद्यानं करता येती व्हय?" माझ्या एका हातात धोंडा, समोर तुपाची वाटी, शेजारी नवी नवरी. मी काय सांगणार, कपाळ!

त्यांच्या या झुरण्याला घराण्याचा इतिहास आहे. तात्यांचे वडील इंग्रजांच्या काळात नरसिंहपूरच्या यात्रेत भाषण केलं म्हणून आत गेले आणि 'माफी माग, सोडतो' म्हटल्यावर कोर्टात 'मागणार नाही' म्हणाले. थोरले बंधू, म्हणजे माझे सासरे, आणीबाणीत आत गेले. सासरे असेपर्यंत त्या दिवसांविषयी चकार शब्द काढत नसत. कुणी विषय काढलाच तर उठून गोठ्यात जात. बोलायचं सगळं काम तात्यांनी अंगावर घेतलेलं. आणीबाणीतल्या त्या सकाळी पोलीस दारात आले तेव्हा तात्याच आधी नवं धोतर नेसून, कपाळाला बुक्का लावून पुढं झाले होते. फौजदार म्हणाला, "तुमी न्हाय, थोरले कुठं हायत? तुमी जरा ती म्हैस बाजूला घ्या, आमची गाडी वळंना." तात्यांनी म्हैस बाजूला घेतली. हा अपमान त्यांच्या अजून घशाखाली उतरलेला नाही, आणि तो ऐकून ऐकून आमच्याही.

तेव्हापासून ती पिशवी. दारामागच्या खुंटीला खाकी कापडाची पिशवी, आत धोतर, बंडी, चादर, दंतमंजन आणि साखर वाढल्यापासून गोळ्यांची पुडी. सरकार कुठल्याही पक्षाचं येवो, पिशवी तयार. थंडीत तात्या तीत स्वेटर घालणार, उन्हाळ्यात काढणार. काकू दर दिवाळीला त्यातले कपडे उन्हात घालून पुन्हा भरतात. एकदा मी काकूंना म्हणालो, "तुम्ही तरी समजवा की!" तर म्हणाल्या, "बाकीच्यांचे दाल्ले देवाला जात्यात, ह्येंला तुरुंगात जायचंय. जाऊ द्या की एकदाचं."

कालव्याचं पाणी, विजेचं भारनियमन, काहीही असो, इंदापूरच्या कचेरीवर मोर्चा निघाला की तात्या पिशवी घेऊन पुढं. आणि त्यांना न्यायला बारामतीहून गाडी कुणी काढायची? जावईबापूंनी! दीड तास जायला, दीड तास यायला, आणि तात्या गाडीत बसले की फुकट शिकवणी. ग्रीस देशात एका म्हाताऱ्याला, प्रश्न विचारतो म्हणून, विष पाजलं इथपासून सुरुवात. मग रोमचे बादशहा, मग मोगल, मग गोरा साहेब. इंदापूर दिसेपर्यंत आम्ही नव्या कायद्यापर्यंत आलेलो असतो. "जुनं कलम काढलं म्हनत्यात. काढलं न्हाय, पाटी बदलून पलीकडच्या खोलीत बसवलंय!" एकदा कचेरीसमोर भर उन्हात त्यांनी तहसीलदाराच्या नावानं असा काही गजर केला की मला वाटलं, आज सुटलो, आज धरणार यांना. तेवढ्यात एक हवालदार खुर्ची घेऊन आला. "तात्या, सावलीत बसून घोषना द्या. च्या घ्या." तात्या माझ्याकडं वळून ओरडले. "बघितलं? च्या पाजून चळवळ मोडत्यात!" परतीच्या वाटेवर तोच विषय. चहा मात्र दोन कप प्याले होते.

या सगळ्या भाषणांची एक अट्टल श्रोती होती, ती म्हणजे माझी मुलगी रेणू. बारामतीत कॉलेजला आहे. गेल्या उन्हाळ्यात तिनं काय करावं? कोरड्या नळासमोर एक रिकामी खुर्ची मांडली आणि तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. 'पाण्याचं आश्वासन सलग देत राहिल्याबद्दल.' व्हिडिओ तालुकाभर फिरला. कुणाच्या तरी भावना दुखावल्या आणि आम्हाला ठाण्यात बोलावणं आलं. साहेब तरुण, बोलायला गोड. म्हणाले, "माफीच्या चार ओळी लिहून द्या, व्हिडिओ काढा, संपला विषय. नाहीतर मला गुन्हा नोंदवावा लागेल. कलमं फार वाईट आहेत हो. पोरीची नोकरी, पासपोर्ट, सगळं अडकेल." मी खिशातून पेन काढलंच. रेणू म्हणाली, "मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. खुर्चीची माफी मागू?"

तेवढ्यात एसटीनं तात्या हजर. हातात पिशवी. "पोरीला म्या शिकवलंय. तिला सोडा, मला आत घ्या." साहेबांनी त्यांना बाकावर बसवलं. रेणूचा चेहरा उजळला. "आजोबा, तुम्हीच सांगा. लिहू का?" मला असा राग आला म्हणून सांगू! आता हा म्हातारा आपल्या बापाची गोष्ट सांगणार आणि माझ्या पोरीच्या आयुष्याचं वाटोळं करणार. पण तात्यांनी पिशवी मांडीवर घेऊन उघडली. धोतर वर काढलं, बंडी काढली, चादर चाचपली. आतल्या गजांच्या दाराकडं एकदा बघितलं. "ह्या पिशवीत तिच्या कामाचं काय बी न्हाय," ते स्वतःशीच म्हणाले. मग सगळं कोंबून पिशवी बंद केली आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, "लिही बाय. लिहून दे."

रेणूनं लिहून दिलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला, बाप आहे मी. परतताना गाडीत ग्रीस नाही, रोम नाही, काही नाही.

दिवाळीला वस्तीवर गेलो. पिशवी खुंटीवरच होती, पण काकूंनी तीत लसूण भरून ठेवला होता. तात्या उसाच्या बेण्याबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले, माझ्या रक्तदाबाचीही चौकशी केली. इतकी वर्षं ज्या बडबडीनं माझं डोकं उठलं, ती आता ऐकू येईना तर मला बसवेना. शेवटी मीच विषय काढला. "तात्या, ते नव्या कायद्यातलं कलम कितवं हो?" रेणूनं फोनमधून मान वर केली. तात्यांनी काकूंनी ठेवलेला चहाचा कप उचलला.

"ध्यानात न्हाय बगा," ते म्हणाले, आणि कप माझ्याकडं सरकवला. "जावईबापू, च्या घ्या."